सतरा नंबरचा गळा

ट्रंक उघडली आणि मला खळीचा वास आला. डांबरगोळ्यांचा आला असता तर समजण्यासारखं होतं. चाळीस वर्षं बंद असलेल्या ट्रंकेत दुसरं काय असणार? पण हा तांदळाच्या खळीचा वास होता, जरा आंबूस, कोपऱ्यात विसरून राहिलेल्या ओल्या कपड्यासारखा. आमच्या बॉसने नाक मुरडलं आणि म्हणाली, "फंगस. ग्लव्ह्ज घाल, गर्ल."

हे दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. मी सिंगापूरला, पाया लेबारच्या एका इंडस्ट्रियल बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर नोकरीला होते. जुनी वस्त्रं स्वच्छ करून, प्रदर्शनात मांडण्याजोगी करून देणारी लहानशी कंपनी. माणसं दोनच, बॉस आणि मी. बॉस तिथलीच, चिनी, पन्नाशीची, तोंडाने फटकळ आणि हाताने अतिशय हळुवार. मी बार्शीची. केमिस्ट्रीत बीएस्सी, मग मुंबईला वस्त्रशास्त्रात एमएस्सी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि हे मी लोकांना न विचारता सांगायचे. घरात काय चालतं ते मात्र विचारलं तरी सांगत नसे. वडील परीट. आई भट्टी लावायची, वडील इस्त्री करायचे. मी 'टेक्स्टाइल लाइन' म्हणायचे. ते काही अगदी खोटं नव्हतं.

ट्रंक आली होती एका जुन्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांकडून. त्यांच्या वृद्ध सिस्टर जिथे राहत त्या घरात एक खोली काढून जुना पोशाख काचेमागे मांडायचा होता. आता त्या साधा स्कर्ट-ब्लाउज घालत. पूर्वीचा पोशाख कोणाला तरी आठवतोय तोवर लिहून ठेवावा, असं त्यांना वाटत होतं.

बाईचा गळा आणि खांदे झाकायला जगाने काय काय काढलंय, ते त्या नोकरीत मला कळलं. मडमांचे लेसचे खांदेपट्टे, उघड्या गळ्यात खोचायचे झिरझिरीत रुमाल, मलाक्काकडच्या बायकांच्या केबाया नावाच्या ब्लाउजवर पिन करायच्या ओढण्या, सगळं माझ्या हाताखालून गेलं होतं. पण ह्या ट्रंकेतलं कापड वेगळं होतं. यादीत त्याचं फ्रेंच नाव होतं, मी मनातल्या मनात त्याला 'गळा'च म्हणायचे. मानेभोवती हनुवटीपर्यंत उभी पट्टी, आणि तिला जोडून छातीवर, खांद्यांवर पसरलेला पांढरा अर्धगोल. मागे नाड्या. सगळं सुती, आणि खळीने असं कडक की वाजवलं तर टकटक व्हावं. त्यावरून मग काळा बुरखा यायचा. म्हणजे बाईचा चेहरा तेवढा दिसायचा, बाकी मान, खांदे, केस काही नाही.

असे बेचाळीस गळे निघाले. घडी उलगडून टेबलावर ठेवले की ते आडवे पडत नसत, हळूहळू उठून बसत. आर्द्रता, दुसरं काय. मला केमिस्ट्री कळते. तरी जेवून परत आल्यावर पांढऱ्या टेबलावर रांगेने बसलेले, डोक्यावाचूनचे बेचाळीस गळे एकदम समोर आले की मी आधी ट्यूबलाइट लावायचे आणि मग आत पाऊल टाकायचे.

प्रत्येकाच्या मागच्या काठाला लाल दोऱ्याने नंबर घातलेला होता. नाव कुठेच नाही. बॉस म्हणाली, "एवढ्या बायकांचं धुणं एकत्र. नंबर नसेल तर कोणाचं कोणाला जाईल." मला हे नवीन नव्हतं. आमच्याकडेही गिऱ्हाइकाला नाव नसतं, खूण असते. बिब्बा टोचून त्याच्या चिकाने कापडाच्या कोपऱ्यात टिंबं काढायची. ती खूण कापड फाटेल पण जात नाही. वडिलांच्या उजव्या अंगठ्याची कातडी बिब्ब्याने कायमची काळी पडली होती.

सतरा नंबरचा गळा उठून बसला तो वाकडा. डाव्या बाजूला कलंडलेला. मी दोनदा सरळ केला, दोनदा पुन्हा कलंडला. नीट पाहिलं तर मानेच्या पट्टीला डावीकडे आतून चिमटा घेऊन बोटभर कापड कमी केलं होतं. त्यामुळे डावी कड खाली आणि उजवी वर. घालणाऱ्या बाईची मान डावीकडे झुकलेली असणार. आणि लाल सतराच्या खाली, काठात, तीन काळपट टिंबं आणि एक तिरकी रेघ.

बॉसने भिंग लावलं. "गंज? भाजलंय?"

मला एका नजरेत कळलं होतं. बिब्बा. ह्या गावात कधीकाळी कोणी परीट येऊन राहिला होता आणि त्याने आमच्यासारखीच खूण घातली होती. मी म्हणाले, "माहीत नाही." आणि फॉर्मवर माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: डाग, कारण अज्ञात.

दोन आठवड्यांनी आम्ही ते सगळे गळे घेऊन सिस्टरांच्या घरी गेलो. कोणता नंबर कोणाचा हे सांगू शकेल अशी एकच सिस्टर उरली होती. नव्वदीला टेकलेली, मूळची मलाक्काची. ती व्हीलचेअरवरून आली आणि मी तिच्या मानेकडे बघतच राहिले. डोकं डावीकडे एवढं कललेलं की कान खांद्याला लागायचाच बाकी. घराचं काम बघणारी तरुण सिस्टर खुर्ची ढकलत होती, बॉस वही घेऊन उभी होती.

म्हातारी टेबलाच्या एका टोकापासून सुरू झाली. नंबर वाचायची आणि सांगायची. "चार. ही गाणं शिकवायची, आवाज कावळ्याचा. अकरा. हिला मुंग्यांची भीती. बारा. बाराबद्दल वाईट बोलायचं नाही, मेली बिचारी. पण दुष्ट होती." तरुण सिस्टर हसली. बॉस लिहीत होती. सतरापाशी खुर्ची थांबली.

"हा माझा," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "म्हणजे, मी ह्याची."

मग तिने सांगितलं ते असं. ती एकोणीसची असताना आली. त्याच महिन्यात आधीची सतरा नंबर वारली होती. हिने तिला पाहिलंसुद्धा नव्हतं. नंबर रिकामा ठेवायची पद्धत नव्हती. बाई जायची, नंबर पुढच्या बाईला मिळायचा, आणि नंबरासोबत त्याचे कपडे. हिला सहा गळे मिळाले. सगळे डावीकडे चिमटा घेतलेले.

"पहिल्या आठवड्यात उजव्या जबड्याखाली कापलं," ती म्हणाली. "मान सरळ ठेवली की कड रुतायची. खळ घातलेलं कापड म्हणजे लाकूड. मी मदरना म्हटलं, हा मला होत नाही. मदर म्हणाल्या, तू त्याला हो."

"आणि झालात?" मी विचारलं.

"मुली, तुला काय दिसतंय?"

सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

"वर्षभराने मी बागेत पाठमोरी उभी होते. एका म्हाताऱ्या सिस्टरने आधीच्या सतरा नंबरला, तिचं नाव घेऊन हाक मारली. मी ओ दिली. मला माझं कळलंच नाही. ओ दिल्यावर दोघीही घाबरलो."

खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावरचे गळे त्याच्या वाऱ्याने किंचित किंचित हलत होते. तरुण सिस्टरने विषय बदलायला म्हणून ती टिंबं दाखवली. "आणि हा डाग कसला?"

"डाग?" म्हातारीने मान तशीच ठेवून फक्त डोळे माझ्याकडे वळवले. "धोब्याची खूण ती. तू इंडियन ना? तुला माहीत नाही?"

बॉसची वही उघडी होती. त्यात माझ्या अक्षरातला तो कागद पिन केलेला होता. आता आणखी एकदा 'माहीत नाही' म्हणणं सोपं होतं. पण ती ज्या तऱ्हेने बघत होती, वाकड्या मानेतून खालून वर, तसं बघणाऱ्या माणसाशी खोटं बोलायला माझी जीभ उचलेना.

"माहीत आहे," मी म्हणाले. "बिब्बा आहे. माझे वडील परीट आहेत. मीही हेच बघत वाढले."

बॉस म्हणाली, "माहीत होतं आणि तू अज्ञात लिहिलंस? माझ्या फॉर्मवर?"

इतकी वर्षं ज्या गोष्टीची लाज बाळगली, ती बोलून झाली होती आणि कोणाला त्याचं काही नव्हतं. बॉसला राग आला तो मी खोटी नोंद केली म्हणून. आणि तो बरोबर होता. माझं शिक्षण ज्या कामाचं, त्या कामातच मी लबाडी केली होती.

म्हातारीला ह्यातलं काहीच ऐकू गेलं नसावं. तिने माझं मनगट पकडलं. "तुला खळ घालता येते? कडक? पूर्वीसारखी?"

"येते."

"आणि हा चिमटा काढता येईल?"

मग तिने आपलं म्हणणं सांगितलं, अगदी सरळ, दुकानात वस्तू मागावी तसं. नियम बदलले तेव्हा सगळ्यांचे गळे गेले, सगळ्यांच्या माना मोकळ्या झाल्या. हिची तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले, हाड धरलंय. आता तिचे थोडे दिवस राहिले होते, हे तिलाही माहीत होतं आणि घरालाही. मरायची तिला भीती नव्हती. "पण ही मान तिची आहे. वर गेल्यावर ती परत मागेल. मग माझी आई मला कशी ओळखणार? आईने मला एकोणीस वर्षांची, सरळ मानेची पाठवलीय. मला ह्याच गळ्यात पुरा. पण सरळ करून. नवा शिवलेला नको. जिथे वाकडं झालं तिथेच सरळ व्हायला हवं."

तरुण सिस्टरचे डोळे भरले. "सिस्टर, तो तुमचाच आहे. तुम्हाला मागायची गरज नाही."

"माझं काही नाही. मी मागतेच आहे," म्हातारी म्हणाली. "पासष्ट-सत्तर वर्षांत पहिल्यांदा."

बॉसने यादीतून सतरा नंबर खोडला. लिफ्टमध्ये मला म्हणाली, "आपण कापड सुधारत नाही. जसं आलं तसं ठेवतो. खळ, पाणी, इस्त्री माझ्या वर्कशॉपमध्ये चालणार नाही. घरी कर. आणि तो फॉर्म नव्याने लिहून दे." मग दार उघडता उघडता म्हणाली, "बिब्बा. स्पेलिंग काय?"

घरी म्हणजे वुडलँड्सला. एका पुण्याच्या काकूंच्या फ्लॅटमध्ये मी एक खोली घेऊन राहायचे. काका बोटीवर चीफ इंजिनिअर, सहा-सहा महिने समुद्रात. काकूंना सोबत हवी होती आणि मला स्वस्त खोली. काकू चांगल्या होत्या, पण त्यांना माझं काम पटत नसे. शनिवारी दुपारी मी ओट्यावर पातेलं चढवलं तर त्या दारात येऊन उभ्या.

"काय करतेस गं? पेज? बरं नाहीये का?"

"खळ करतेय काकू. एक कापड आहे कडक करायचं."

त्यांनी टेबलावरचा गळा पाहिला. "हे कोणाचं?"

"एका सिस्टरचं. नन असते ना, तिचं."

"जिवंत आहे ना?"

"आहे. मेल्यावर घालायचंय."

"अगं आई गं!" काकू दोन पावलं मागे गेल्या. "माझ्या ओट्यावर? एवढं एमएस्सी करून मेलेल्यांचं धुणं धुवायला आलीस होय सिंगापूरला?"

"माझे वडील धुणंच धुतात काकू. परीट आहेत."

काकू म्हणाल्या, "मग टेक्स्टाइल मिल कुठली गं ती?"

"मिल मी कधीच म्हणाले नव्हते. तुम्ही म्हणालात. मी नुसतं नाही म्हटलं नाही."

"शहाणीच आहेस," त्या म्हणाल्या, आणि देवापुढची उदबत्ती आणून ओट्यावर लावून गेल्या.

मी आधी चिमटा उसवला. पातळ दोरा होता, हाताने घातलेले बारीक टाके. एकेक काढत गेले. आतलं कापड उघडं पडलं, तेवढा बोटभर भाग कोरा पांढरा, उजेड न लागलेला. मी ते खिडकीशी नेऊन धरलं आणि थांबले. टाक्यांच्या जागी सुईची भोकं होती, ती असणारच. पण ती एका रांगेत नव्हती. त्याच जागी, अगदी एकमेकांना चिकटून, भोकांच्या चार रांगा होत्या. म्हणजे हा चिमटा ह्याआधी तीनदा कोणीतरी उसवला होता, आणि तीनदा परत घातला होता, त्याच मापाने.

तीन वेळा कोणीतरी माझ्यासारखंच बसून हे सरळ केलं होतं. आणि मग त्यांनाच ते परत वाकडं करावंसं वाटलं होतं. का, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

कापड कोमट पाण्यात काढलं, नीळ दिली, पेज तीनदा गाळून खळ घातली. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून घ्यायचं. हे माझे हात आपोआप करत होते, अभ्यास न करता. त्या मुलखात कपडे बांबूला अडकवून खिडकीबाहेर काढतात, पण खळीचं कापड उन्हात कडक होतं ते भाजल्यासारखं. सावलीत हवं. आणि अर्धवट ओलं असताना त्याला आकार द्यायचा, म्हणजे मग ते तसंच राहतं. आकार द्यायला गळ्याखाली मान पाहिजे. वर्कशॉपमध्ये त्यासाठी लाकडी साचे असायचे. घरी माझ्याकडे काही नव्हतं. मी बरणी उलटी करून पाहिली, तांब्या पाहिला, उशी गुंडाळून पाहिली. पट्टी बसेना.

आमच्या घरात एकच नियम होता, आणि वडील इतर काही सांगत नसले तरी तो सांगायचे: गिऱ्हाइकाचं कापड अंगाला लावायचं नाही. हौस म्हणूनही नाही, माप म्हणूनही नाही. "कापडाला माणूस लागलेला असतो," ते म्हणायचे. "तो भट्टीत सुटतो. पण सुटताना त्याला जागा लागते. तू जागा देऊ नकोस." लहानपणी मी ऐकायचे. कॉलेजात गेल्यावर हसायचे. घाम, तेल, मृत पेशी, एवढंच काय ते लागलेलं असतं.

तेव्हाही मी तेच मनात म्हटलं आणि तो गळा माझ्या मानेला लावला. मागे नाड्या बांधल्या.

गार होता. पहिल्यांदा फक्त गार. मग जसजसा वाळत गेला तसा तो आवळू लागला. मी न्हाणीघराच्या आरशात बघून दोन्ही बाजू सारख्या केल्या, हनुवटी वर धरली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन उभी राहिले. वाऱ्याने अर्धा तास लागेल असा अंदाज होता. समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांमधून बांबूंवर कपडे हलत होते. ओळीने शर्ट, ओळीने ब्लाउज. माझ्या मनात आलं की ह्या प्रत्येकात कोणीतरी आहे. असले विचार माझ्या डोक्यात सहसा येत नाहीत.

मागे भांडं पडलं. काकू दारात उभ्या, हातातला वाडगा जमिनीवर.

"अगं कोण... तू आहेस होय! मेले मी! मला वाटलं—" त्या छातीवर हात ठेवून भिंतीला टेकल्या. "काढ ते आधी. आणि अशी का उभीयेस?"

"कशी?"

"मान वाकडी करून. सरळ उभी राहा ना."

"मी सरळच उभी आहे काकू."

काकू जवळ आल्या नाहीत. लांबूनच म्हणाल्या, "बरं, असशील."

मी नाड्या सोडल्या. गळा मानेवरून निघाला तो अगदी सरळ, दोन्ही कडा एका रेषेत. टेबलावर ठेवला तर ताठ बसला. मेणबत्तीचा तुकडा घासून इस्त्री फिरवली तेव्हा तो चकाकायला लागला. वडिलांनी पाहिला असता तर काही बोलले नसते, नुसतं बोटाने टक केलं असतं. ती त्यांची शाबासकी.

सोमवारी मी तो घेऊन गेले. म्हातारी आता पलंगावरच होती. तरुण सिस्टरने तिला उठवून बसवलं. मी मागून नाड्या बांधल्या. तिची मान पट्टीत कललेलीच राहिली, आणि आता कड डावीकडे रुतत होती. मी घाबरून सोडायला गेले तर तिने हात वर केला. थांब.

आम्ही थांबलो. किती वेळ, ते नाही सांगता येत. मग तिचं डोकं वर यायला लागलं. इतकं सावकाश की आधी मला वाटलं मीच हलतेय. हाडं कुठेतरी आत करकरली, तो आवाज मी ऐकला. तरुण सिस्टरनेही ऐकला, तिने माझा दंड धरला. आणि म्हातारी सरळ बसली. मान, हनुवटी, डोळे, सगळं जागेवर. चेहरा वेगळाच दिसायला लागला, लांबट, जरा मुलीसारखा.

तिने समोर पाहिलं. "खिडकी सरळ आहे की," ती म्हणाली.

तरुण सिस्टर रडत होती, हसत होती. म्हातारीने वळून माझ्याकडे पाहिलं, आता मान वळवून. पुष्कळ वेळ पाहिलं. चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू गेला.

"तू हा घालून पाहिलास?"

"वाळवायला. अर्धा तास."

तिने माझा हात हातात घेतला आणि थोपटत राहिली, जसं आपण कोणाच्या घरी वाईट बातमी कळवायला गेल्यावर करतो.

ती गुरुवारी गेली. चॅपलमध्ये तिला ठेवलं होतं तिथे मी आणि बॉस गेलो. पेटीत ती ताठ होती, त्या गळ्यात, पांढरी आणि सरळ. बॉस वाकून बराच वेळ कापड बघत होती. मग मला म्हणाली, "चांगली इस्त्री आहे." तिच्याकडून एवढं म्हणजे खूप. तरुण सिस्टर मला दारापर्यंत सोडायला आली. "आता सतरा नंबर कोणाला नाही," ती म्हणाली. "आता आम्ही नंबर देतच नाही." तिने मला धीर देण्यासाठी म्हटलं, हे मला कळत होतं. बोलता बोलता तिने दोन बोटांनी माझी हनुवटी धरून हलकेच उजवीकडे केली, आणि आपण काय केलं हे लक्षात येताच हात मागे घेतला.

मी डॉक्टरकडे गेले. दिवसाचे आठ तास टेबलावर वाकून काम करतेस, स्नायू आखडलेत, असं ते म्हणाले, आणि मलम दिलं. मला ते पटतं. तरी त्या चार रांगांचा मी विचार करते. पूर्वी सोपं होतं. मान पुढे गेली की कापडही पुढे जायचं. जिच्याकडे ते जायचं तिने सरळ करून पाहिलं तरी शेवटी चिमटा परत घालून घेतला, कारण मग रुतत नाही. म्हातारीने पहिल्यांदा ते कापड मातीत नेलं. मान मागे राहिली.

पुढच्या वर्षी मी लिटिल इंडियातल्या एका शिंप्याकडे बंद गळ्याचे दोन कुडते शिवायला टाकले. म्हातारा माणूस, चष्मा नाकावर. माप घेताना टेप माझ्या मानेभोवती दोनदा फिरवला, मग पुन्हा एकदा. हिंदीत म्हणाला, "बहनजी, डावीकडे थोडं कमी करून देतो. बोटभर. म्हणजे आरामात बसेल, कोणाला दिसणारही नाही."

"नको," मी म्हणाले. "दोन्ही बाजू सारख्या ठेवा."

"टोचेल."

"टोचू दे."

त्याने खांदे उडवले आणि वहीत तसं लिहिलं.